कॅटलॉगातला ०.०३ आणि आपल्या शेडमधला जॉब

प्रश्न थोडक्यात असा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एकांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या अवजारांना आणि ट्रॉलीला लागणारे ब्रॅकेट बनवतात. महिन्याला साठेक प्रकारचे जॉब, त्यातले पाच-सहाच मोठ्या संख्येने. सीओटू वेल्डर (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात वायर वितळवून जोड मारणारे) तीन, चौथा मिळत नाही. पुण्याच्या डीलरने सहा अक्षांच्या वेल्डिंग रोबोचं कोटेशन दिलंय: पेलोड (हात पेलतो ते वजन) ८ किलो, रीच (हाताची पोच) १.४ मीटर, रिपीटेबिलिटी (तीच जागा पुन्हा गाठण्यातला नेमकेपणा) ±०.०३ मिमी. या आकड्यांचा अर्थ काय आणि आपल्याला हा रोबो चालेल का, हा त्यांचा मुख्य प्रश्न. जाता जाता आणखी एक: सासऱ्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला असला रोबो लावता येईल का?

मी तेवीस वर्षं हेच करतोय. आधी पुण्यात कारच्या बॉडी शॉपमध्ये, मग गावी परत येऊन सोलापूर आणि आसपासच्या लहान कारखान्यांत रोबो बसवणं आणि दुसऱ्यांनी बसवलेले बिघडले की दुरुस्त करणं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

०.०३ पासून सुरू करू, कारण डीलर याच आकड्यावर जास्त बोलला असणार. आकडा खोटा नाही, फक्त तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. आयएसओ ९२८३ हे मानक आहे, त्यात रिपीटेबिलिटी मोजायची रीत दिलीय. रोबोच्या हाताला पूर्ण वजन बांधायचं, ठरलेल्या पाच जागी त्याला एकाच दिशेने ३० वेळा पाठवायचं आणि दर वेळी तो नेमका कुठे थांबला ते मोजायचं. त्या ३० ठिपक्यांचा मध्य काढायचा, ठिपके मध्यापासून सरासरी किती लांब पडले ते बघायचं आणि त्यात प्रमाण विचलनाची (ती अंतरं किती कमी-जास्त होतात त्याच्या मापाची) तिप्पट मिळवायची. येतो तो आकडा. रोबो स्वतःच्याच कालच्या पावलावर आज किती नेमकं पाऊल ठेवतो, एवढंच यातून कळतं. तेही प्रयोगशाळेत, २० अंशांच्या आसपास आणि रोबो चालून चालून स्थिरावल्यावर.

तुम्ही त्याला ‘एक्स ८००, वाय २०० वर जा’ असं आकड्यात सांगितलं तर तो खरोखर तिथे जातो का, ही गोष्ट निराळी. ती अॅक्युरसी, आणि ती कॅटलॉगात सहसा छापत नाहीत. खास कॅलिब्रेशन न केलेल्या रोबोत अर्धा-एक मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतो, मोठ्या हाताला त्याहून जास्त. हाताची लांबी ड्रॉइंगमध्ये असते तशी तंतोतंत उतरत नाही, सांध्यांची शून्यं (जिथून कोन मोजायचा ती जागा) किंचित सरकलेली असतात, गिअरबॉक्स वजनाखाली थोडे पिळतात. पेंडंट (रोबो चालवायचा हातातला बटणांचा डबा) हातात धरून टॉर्च (वेल्डिंगची नळी) जॉबपर्यंत नेली आणि पॉइंट टीच केला, म्हणजे ती जागा रोबोला लक्षात ठेवायला लावली, तर ही चूक तिथल्या तिथे पचते, कारण रोबोला पुढे फक्त तीच जागा पुन्हा गाठायची असते. म्हणून आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत टीच करूनच काम चालतं. कॉम्प्युटरवर बनवलेला प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर आणून थेट चालवला की टॉर्च जोडाच्या शेजारून जाते आणि मग मला फोन येतो.

आता सोलापूरचा मे महिना. काही वर्षांपूर्वी चिंचोळीला एका कारखान्यात तक्रार होती, की दुपारच्या पाळीत वेल्ड सरकतो. मी सकाळी आठला फिक्स्चरवर (जॉब पक्का धरणाऱ्या साच्यावर) डायल (शतांश मिलिमीटर दाखवणारं मापयंत्र) लावला, टॉर्चच्या जागी टोकदार पिन बसवली आणि डायल शून्यावर आणून रोबोला तिथेच तीस वेळा पाठवला. काटा दोन-तीन शतांशाच्या पलीकडे गेला नाही, कॅटलॉग खरा ठरला. अकरा वाजता पुन्हा तीस वेळा. काटा तेवढाच हलत होता, पण शून्याभोवती नाही, ०.२ च्या आसपास. तीन वाजता तोच खेळ ०.३५ वर. पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हा आतलं तापमान किती होतं ते सांगत नाही, पण पेंडंट उघड्या हाताने धरवत नव्हता. हिशेब अवघड नाही. हाताचा बराचसा भाग ॲल्युमिनियमचा. एक मीटर ॲल्युमिनियम एक अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. १.४ मीटरचा हात दहा अंश तापला की तीन दशांश मिलिमीटर गेले. रोबो इमानदारच होता, फक्त हात लांब झाला होता. तिथे आम्ही पाळी सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं रोबो रिकामा फिरवायला लावला, आणि दर दोन तासांनी टॉर्चची टीप एका ठरलेल्या पिनवर नेऊन सरक तपासणारा छोटा प्रोग्रॅम टाकला. पत्र्याखाली फॉल्स सीलिंग करायला सांगितलं होतं, ते काही केलं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर तुम्हाला दिलासा देणारी गोष्ट: सीओटू वेल्डिंगला ०.०३ लागतच नाही. आमचा ठोकताळा असा, की जोडाची रेघ वायरच्या निम्म्या जाडीइतकी इकडेतिकडे झाली तरी चालते. वायर १.२ ची असेल तर ०.६ मिमी. म्हणजे रोबोचा ०.०३ आणि उन्हाचा ०.३५ धरूनही तुम्ही हद्दीत आहात, पाव मिलिमीटर शिल्लक आहे.

त्या पाव मिलिमीटरमध्ये तुमचा जॉब बसतो का?

माझी पहिली स्वतंत्र वेल्डिंग सेल (रोबो, टेबल, कुंपण असं सगळं मिळून) मी अशाच एका ब्रॅकेटवाल्याकडे बसवली होती. रोबो उत्तम, प्रोग्रॅम मी स्वतः केलेला, ट्रायलचे वीस जॉब झकास. पुढच्या आठवड्यात शंभरातले तीस-पस्तीस जॉब नापास. बीड (वेल्डची उमटलेली रेघ) एका प्लेटवर चढलेली, दुसरी प्लेट कोरडी. मी दोन दिवस रोबोतच चूक शोधत बसलो. तिसऱ्या दिवशी तिथले जुने वेल्डर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, शेजारच्या बूथमध्ये तोच जॉब हाताने करत होते, ते बघत उभा राहिलो. मामा प्लेट फिक्स्चरमध्ये ठेवायचे, डोळा बारीक करून बघायचे, हातोडीचा एक हलका ठोका द्यायचे आणि मग टाका मारायचे. गॅप जास्त असेल तर टॉर्च जरा हलवत हलवत पुढे न्यायचे. ठोका का दिला असं विचारलं तर म्हणाले, “कुठं दिला? उगंच म्हणतोस काय की.” त्यांना खरंच माहीत नव्हतं. प्रत्येक जॉबमधला दीड-दोन मिलिमीटरचा वाकडेपणा त्यांचा हात गेली वीस वर्षं मुकाट्याने सुधारत होता आणि तो कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हता. प्लेटा गॅसकटिंगच्या होत्या, बेंड हातप्रेसवर मारलेले. रोबो बिचारा आंधळा. त्याला दाखवलेल्या रेघेवरून तो दर वेळी नेमका गेला आणि जोड तिथे नव्हता.

शेवटी त्या माणसाने प्लेटा लेझरवर कापून घ्यायला सुरुवात केली, बेंड सीएनसी प्रेस ब्रेकवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या पत्रा वाकवायच्या यंत्रावर) नेले, फिक्स्चरमध्ये चार क्लँप आणि दोन लोकेटिंग पिन वाढवल्या. रोबोच्या प्रोग्रॅममधला एक आकडाही बदलला नाही आणि नापास जॉब थांबले. खर्च मात्र कोटेशनमध्ये नसलेला झाला आणि तो मी आधी सांगायला हवा होता. तेव्हापासून मी कुणाकडेही गेलो की आधी कटिंग कुठे करता ते विचारतो.

डीलर यावर ‘टच सेन्सिंग’ आणि ‘सीम ट्रॅकिंग’ सांगेल. दोन्ही खरी तंत्रं आहेत. टच सेन्सिंगमध्ये रोबो वायरचं टोक प्लेटला टेकवून जागा शोधतो. सीम ट्रॅकिंगमध्ये टॉर्च डावी-उजवी हलत असताना करंट किती बदलतो त्यावरून मध्य धरतो. जाड प्लेटांच्या, लांब जोडांच्या कामाला छान. पण प्रत्येक टेकवण्याला दोन-तीन सेकंद जातात, तीन-चार मिलिमीटरच्या पातळ पत्र्याच्या लॅप जोडावर (एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांच्या जोडावर) करंटचं वाचन नीट येत नाही, आणि दोन्हींपैकी कुणालाही गॅप बुजवता येत नाही. जागा सापडेल, पण भोक भोकच राहील.

बाकीचे आकडे. पेलोडची तुम्हाला चिंता नको. टॉर्च, केबल आणि शॉक सेन्सर मिळून तीन-चार किलो होतात, आठ किलोचा हात ते आरामात पेलतो. पण तुमच्यासारखेच लोक पुढे तोच रोबो सीएनसी लेथवर जॉब लावायला वापरू म्हणतात, म्हणून सांगतो. पेलोडमध्ये ग्रिपर (जॉब पकडणारा पंजा) धरलेला असतो, आणि नुसते किलो मोजून भागत नाही. एकाकडे दहा किलोचा रोबो होता. जॉब तीन किलोचा. ग्रिपर दुहेरी, म्हणजे एका बाजूला कच्चा जॉब आणि दुसरीकडे झालेला, दोन्ही क्षणभर हातात. सहा किलो जॉब, चार किलो ग्रिपर, बरोब्बर दहा. मालक खूष. पण या वजनाचा गुरुत्वमध्य फ्लँजपासून (हाताच्या टोकाच्या चकतीपासून) २०० मिमी पुढे होता आणि मोजायचं असतं ते फ्लँजपासून नाही, पाचव्या अक्षाच्या मध्यापासून. मध्ये आणखी ९० मिमी. दहा किलो गुणिले ९.८१ गुणिले ०.२९ मीटर, म्हणजे सुमारे २८ न्यूटन-मीटर. त्या मनगटाला परवानगी होती २२ ची. रोबो मोडला नाही. हात आडवा झाला की अधूनमधून ओव्हरलोडचा अलार्म देऊन थांबायचा, आणि सगळे वायरिंग तपासत बसायचे. कॅटलॉगात पेलोडचा आलेख असतो, अंतर वाढलं की वजन कसं उतरतं ते दाखवणारा. मुखपृष्ठावरचा आकडा सोडून तो आलेख मागा.

वेग. सहा मिलिमीटरचा फिलेट (कोपऱ्यातला तिरपा वेल्ड) मारताना टॉर्च सेकंदाला आठेक मिलिमीटर चालते, मग रोबो सेकंदाला दोन मीटर धावणारा असो की एक मीटर. तुमच्या जॉबवर मिळून ६०० मिमी वेल्ड असेल तर ७५ सेकंद वितळवण्यातच जातात. एका जोडावरून दुसऱ्यावर उड्या आठ, प्रत्येकी दीड सेकंद, म्हणजे १२. दुप्पट वेगाचा रोबो आणलात तर ८७ सेकंदांतले फार तर सहा वाचतील. वेगाचा आकडा खरा कामाला येतो तो उचल-ठेव करणाऱ्या कामात. तिथेही अंश प्रति सेकंद बघून फसू नका. छोट्या हालचालीत हात पूर्ण वेगाला पोचायच्या आतच त्याला ब्रेक लावावा लागतो. म्हणून स्कारा (आडव्या हाताच्या, झटपट उचल-ठेव करणाऱ्या) रोबोवाले एक ठरलेली उडी सांगतात: २५ मिमी वर, ३०० आडवं, २५ खाली आणि तसंच परत, याला किती वेळ लागतो. चांगल्या यंत्रात अर्ध्या सेकंदाच्या आत. हा आकडा तुलनेला प्रामाणिक.

तुमचा फायदा येणार तो वेगातून नाही, आर्क किती वेळ जळतो त्यातून. माणूस आठ तासांच्या पाळीत दोन-अडीच तास प्रत्यक्ष आर्क लावतो. बाकी वेळ जॉब ठेवणं, टाके, हेल्मेट वर-खाली, ग्राइंडिंग, चहा. आळस म्हणून बोलत नाही, उकाड्यात त्याहून जास्त होणारच नाही. दोन टेबलांची सेल केली, म्हणजे रोबो एका बाजूला वेल्ड करतोय तोवर हेल्पर दुसऱ्या बाजूला जॉब लावतोय, तर मी पाच तासांपर्यंत आर्क बघितलाय. म्हणजे एक रोबो दोन ते अडीच वेल्डरांचं काम करतो. पाचांचं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि एकाच टेबलाचा स्वस्त सेट घेऊ नका. हेल्पर जॉब लावेपर्यंत रोबो उभा, मग तो फार महाग वेल्डर पडतो.

साठ प्रकारच्या जॉबपैकी पाच-सहाच त्याला द्या. उरलेले पन्नासेक तुमच्या वेल्डरांकडेच राहू देत. प्रत्येक प्रकाराला एक फिक्स्चर, एक प्रोग्रॅम आणि बदलायला अर्धा-पाऊण तास, हे गणित वीस जॉबच्या लॉटला परवडत नाही.

एक गोष्ट लोक हमखास विचारतात, म्हणून न विचारताच उत्तर देतो. याच रोबोला ड्रिल लावून भोकं मारता येतील का? नको. रोबोचा हात सहा सांध्यांची साखळी आहे, प्रत्येक सांध्यात गिअरबॉक्स, आणि ती लवते. टोकाला एक मायक्रॉन हलवायला एक न्यूटनही पुरतो, कधी त्याहूनही कमी. मशीन टूलला तिथे पन्नास न्यूटनपेक्षा जास्त लागतात. शंभर किलोचा जोर दिला तर रोबोचा हात एक मिलिमीटर सरकणार, आणि लोखंडात मोठं भोक मारायला तेवढा जोर काहीच नाही. कास्टिंगची बर (कडेला राहिलेला धातूचा काटा) काढणं, कडा घासणं मात्र जमतं, पण तेव्हा हातात ताठ हत्यार देत नाहीत, हवेच्या दाबावर मागे-पुढे सरकणारं लवचीक देतात. हाताची चूक हत्यार सांभाळून घेतं.

कास्टिंगचा, म्हणजे फाउंड्रीचा, विषय निघालाच आहे तर, रोबोची सुरुवातच तिथून झाली. पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला तो डाय-कास्टिंग मशीनमधून गरम कास्टिंग बाहेर काढायला. जॉर्ज डेव्हॉलचं पेटंट आणि जोसेफ एंगलबर्गरची धडपड. कुणाला तिथे उभं राहायचं नव्हतं, म्हणून यंत्राला उभं केलं. हा निकष मला आजही पटतो. कॅमशाफ्टसारखं कास्टिंग आणि मशिनिंगचं काम सोलापुरात मोठ्या प्रमाणावर होतं, आणि आपल्याकडे माझ्या मते रोबोची सगळ्यात योग्य जागा तिथेच आहे: गरम कास्टिंग उचलणं आणि सीएनसीवर जॉब लावणं-काढणं. दीड मिनिटाच्या मशिनिंगला रोबोचे आठ सेकंद लागतात, दोन-तीन मशीन एकटा सांभाळतो, आणि रात्रीच्या पाळीत पहाटे चारला त्याचे डोळे मिटत नाहीत. फक्त चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) बर अडकली तर त्याला कळत नाही. एअर ब्लो ठेवाच.

मोठ्या प्रमाणात रोबो लागतात ते अजूनही वाहन उद्योगात. भारतात २०२३ साली साडेआठ हजारांच्या आसपास नवे रोबो बसले, त्यांत सगळ्यात मोठा वाटा गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांचा. बॉडी शॉपमधले स्पॉट वेल्डिंगचे दोनशे किलोवाले हात, पेंटवाले स्फोटरोधक हात, ते चाकणचं जग. आपल्याशी त्याचा संबंध एवढाच, की तिथून निघालेले जुने रोबो इकडे विकायला येतात. घ्यायचाच असेल तर टॉर्चच्या जागी पेन बांधा आणि कागदावर शंभर मिमीचं वर्तुळ काढायला लावा. वर्तुळ जिथे दिशा बदलतं तिथे पायरी दिसली, तर त्या सांध्याचा गिअरबॉक्स झिजलाय. ग्रीस काढून बोटावर चोळा, चमचम दिसली तर किंमत निम्मी बोला किंवा उठून या. स्पॉट वेल्डिंगचा मोठा हात सीओटूला वापरू नका, ती म्हैस आहे, सुईत दोरा ओवणार नाही.

साखर कारखानेही विचारतात. जिल्ह्यात तीसहून जास्त कारखाने आहेत, पन्नास किलोची पोती, उन्हाळ्याच्या तोंडाशी हमाल मिळत नाहीत. पोती पॅलेटवर (फोर्कलिफ्टने उचलायच्या फळ्यांच्या चौकटीवर) रचणारा चार अक्षांचा रोबो, पॅलेटायझर, हे काम सहज करतो, त्यात नवं काही नाही. अडचण दुसरीकडे आहे. आपल्याकडे गोदामात पोती पॅलेटवर ठेवत नाहीत, थप्पी छतापर्यंत लावतात. रोबो पॅलेट भरेल, पुढे ते पॅलेट नेणारा फोर्कलिफ्ट, तसा फ्लोअर आणि तेवढी जागा कुठे? शिवाय हंगाम चार-पाच महिन्यांचा. वर्षातले सात महिने झाकून ठेवायच्या यंत्राचे पैसे फिटायला किती वर्षं लागतील, ते चेअरमन लोक माझ्याआधी मोजतात. एका ठिकाणी मी स्वतःच नको म्हणून आलो.

आता टॉवेल. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, आणि दोन्ही रोबोला सारखेच नको असतात. ब्रॅकेट उचलला तर तो ब्रॅकेटच राहतो. टॉवेल उचलला की त्याचा आकार गेला. व्हॅक्यूम कप धरत नाही, हवा आरपार जाते. सुयांचा ग्रिपर मिळतो, तो टेरीचे फासे पकडतो, पण कधी खालचाही टॉवेल सोबत घेतो आणि कधी एखादा फासा ओढून ठेवतो. मग तो टॉवेल सेकंडमध्ये. म्हणून या धंद्यात हात असलेला रोबो जवळजवळ दिसत नाही. लांबीची आणि आडवी शिवण, कापणी, घडी, या प्रत्येकाला खास त्याच कामाची यंत्रं मिळतात आणि तीच बरी. सासऱ्यांना घडीचं यंत्र बघायला सांगा. रोबो त्यांना चालेल तो पार शेवटी, भरलेले खोके पॅलेटवर रचायला. तिथे कापड खोक्यात गेलेलं असतं आणि खोक्याला आकार असतो. अर्थात दिवसाला खोकी किती, तेही विचारा. शंभरेक असतील तर दोन माणसं पुरतात.

कोबॉटबद्दल (माणसाशेजारी काम करायला बनवलेल्या रोबोबद्दल) डीलर बोललाच असेल, “कुंपण लागत नाही.” २००८ पासून हे रोबो बाजारात आहेत. धक्का लागला की थांबतात, हाताने धरून टीच करता येतात, छोट्या लॉटला खरंच सोयीचे. पण थांबतो तो हात, त्याच्या टोकाला काय आहे हे त्याला माहीत नसतं. टॉर्चची तापलेली टीप आणि वायरचं टोक हळू येऊन डोळ्याला लागलं तरी डोळा जातोच, आणि आर्कच्या प्रकाशाला पडदा लागतोच. सुरक्षित आहे की नाही ते अख्ख्या सेलवरून ठरतं. माणसाजवळ चालवायचा तर वेगही कमी ठेवावा लागतो. तुमच्या पाच-सहा मोठ्या जॉबना मी साधाच रोबो, जाळी आणि दाराला इंटरलॉक (दार उघडलं की रोबो थांबवणारा स्विच) सुचवेन. टीच करताना वेग सेकंदाला २५० मिमीच्या वर जाता कामा नये, पेंडंटवरचं एनेबल बटण (सोडलं की रोबो थांबतो ते) चिकटपट्टीने दाबून ठेवणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवा. चिकटपट्टी मी दोन ठिकाणी काढलीय.

वीज आणि धूळ. बहुतेक कंट्रोलर ४५ अंशांपर्यंत चालतात असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४३-४४, पत्र्याखाली विचारू नका. पॅनेलला एसी लावा आणि फिल्टर दर आठवड्याला झटका. शेजारी यंत्रमाग असेल तर कापसाचं तूस पंख्यावर नमद्यासारखं बसतं. वेगळं अर्थिंग, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, व्होल्टेज स्टॅबिलायझर. आणि एन्कोडरच्या (सांध्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरच्या) बॅटऱ्या. हात कुठे आहे हे वीज गेल्यावर लक्षात ठेवायचं काम त्या करतात. बहुतेक मेकमध्ये त्या कंट्रोलर चालू ठेवून बदलायच्या असतात. बंद करून काढल्या तर सांध्यांची शून्यं जातात आणि मास्टरिंग (ती शून्यं पुन्हा बसवणं) नव्याने करावं लागतं. संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत मेन स्विच पाडून जातात, बॅटरी आधीच म्हातारी झालेली असते, परत येऊन बघतात तर रोबोला स्वतःचा हात कुठे आहे ते आठवत नाही. दर जानेवारीत मला असा एखादा फोन येतो.

माणूस कोण चालवेल, याचा विचार तुम्ही प्रश्नात केलेला दिसला नाही. डिप्लोमा झालेला नवा मुलगा घेऊन त्याला शिकवू नका. सहा महिन्यांत तो चाकणला जातो, आणि त्याचं चुकत नाही, तिथे पगार दुप्पट. तुमच्या तिघा वेल्डरांपैकी ज्याचं घर इथेच आहे आणि ज्याला बीड बघून करंट कळतो, त्याला शिकवा. पेंडंटची बटणं तीन आठवड्यांत येतात, बीड वाचायला दहा वर्षं लागतात. मामांनी साठीला आल्यावर पेंडंट हातात घेतला होता. वळणावर टॉर्च किती कलवायची हे त्यांनी प्रोग्रॅममध्ये माझ्यापेक्षा चांगलं बसवलं.

कोटेशनवर सही करायच्या आधी एवढं करा. मोठ्या संख्येच्या पाच जॉबपैकी सगळ्यात त्रासाचा निवडा. त्याचे वीस नग बिनमधून हाताला येतील तसे काढा, सुपरवायझरला निवडू देऊ नका, तो चांगलेच काढेल. फिलर गेजने (फटीत घालायच्या मोजक्या जाडीच्या पट्ट्यांनी) प्रत्येकाचा गॅप मोजून वहीत लिहा. ०.६ च्या वर किती गेले ते बघा. दोन-तीनच असतील तर तेच वीस नग डीलरकडे ट्रायलला पाठवा आणि वेल्ड झाल्यावर चार नग आडवे कापून, ॲसिड लावून, आत किती भरलंय ते स्वतः बघा. दहा-बारा गेले तर रोबोचे पैसे तूर्त बाजूला ठेवा आणि लेझर कटिंगवाल्याकडून दर मागवा. वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून मला पाठवा, बघून सांगतो.